पाटीवरचं जुनं कारण

आमच्या स्वयंपाकघरात फ्रिजशेजारी एक काळी पाटी टांगलेली आहे. त्या पाटीचे दोन नियम आहेत. घराबाहेर पडणाऱ्यानं कुठे आणि कशाला चाललो ते तिच्यावर लिहायचं, आणि ज्यानं लिहिलं त्यानंच ते पुसायचं. नियम सासऱ्यांचे. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं होतं, हे खूळ चार दिवस टिकेल. सहा वर्षं झाली, आता खडू मीच आणते.

त्या गुरुवारी सकाळी पाटीवर एकच ओळ होती, आणि ती गेले दहा दिवस तिथेच होती. "माझ्या प्रोग्रामला हात लावू नये." अक्षर सासऱ्यांचं, ठळक, खाली रेघ मारलेली. रोज चहाचं पाणी ठेवताना ती ओळ डोळ्यांसमोर यायची आणि रोज माझं डोकं फिरायचं. कारण रोज ऑफिसात जाऊन मी नेमकं तेच करत होते, त्यांच्या प्रोग्रामला हात लावत होते. आणि आज दुपारी तीन वाजता त्याचा निकाल लागणार होता.

मी शहराच्या पाणीपुरवठा केंद्रात काम करते. सासरेही तिथेच होते, एकतीस वर्षं. चार वर्षांपूर्वी निवृत्त झाले. शहरात अकरा पंपघरं आहेत आणि प्रत्येकात एक लहानसा संगणक आहे. केंद्रातला मोठा प्रोग्राम दर पाच मिनिटांनी अकराही जणांना विचारतो, टाकीत पाणी किती, पंप चालू की बंद. हा प्रोग्राम सासऱ्यांनी सव्वीस वर्षांपूर्वी सी भाषेत एकट्यानं लिहिला. पंपघरांना क्रमांक देण्याऐवजी त्यांनी नात्यांची नावं दिली. आत्या, मावशी, काकू, मेहुणा, असं करत करत जावयापर्यंत. जावई म्हणजे टेकडीवरचं पंपघर. पाणी सगळ्यात कमी देतं आणि लाड सगळ्यात जास्त करून घेतं.

आता संगणकाला नाव कळत नाही, आकडा कळतो. कुणाचा आकडा काय, याची नोंद कपाटात ठेवलेला दुसरा एक संगणक ठेवतो. आम्ही त्याला वही म्हणतो. प्रोग्राम आधी वहीला विचारतो की जावई कुठे राहतो, आणि मग जावयाकडे जातो. वहीकडून पत्ता मिळाला नाही, तर का मिळाला नाही ते पडद्यावर एका वाक्यात येतं. ही वाक्यंही सासऱ्यांचीच. "वही उघडत नाही, थोड्या वेळानं पुन्हा विचारतो" असं आलं तर स्वस्थ बसायचं. "या नावाचं कोणी नाही, माणूस पाठवा" असं आलं तर कुणीतरी परस्पर यंत्र बदललंय किंवा काढून नेलंय. मग घंटा वाजते आणि जीप निघते. पडद्यासमोर बसणाऱ्या ताई वीस वर्षं या वाक्यांवर विसंबून आहेत. त्यांना प्रोग्राम कळत नाही आणि कळायची कधी गरजही पडली नाही.

दोन आठवड्यांपूर्वी केंद्रात नवं यंत्र आलं आणि त्याच्याबरोबर एक कागद आला. त्यात म्हटलं होतं, बाद झालेली फंक्शनं, म्हणजे तयार मिळणारे कामाचे तुकडे, असलेला कुठलाही प्रोग्राम नव्या यंत्रावर चढवायचा नाही. सासऱ्यांच्या प्रोग्राममध्ये अशी दोन होती. एक नावावरून पत्ता शोधणारं, गेट-होस्ट-बाय-नेम. आणि दुसरं एच-एरर, म्हणजे शोध फसला तर कारण सांगणारं. सासऱ्यांची सगळी वाक्यं या दुसऱ्यावर उभी होती. एके काळी जगात सगळीकडे हीच दोघं राबायची. आता त्यांच्या जागी नवी आली आहेत, आणि फंक्शनांच्या माहितीच्या पानावर जुन्यांच्या नावापुढे "वापरू नये" असा शिक्का आहे.

"गुरुवारी तीनला तपासणीच्या बाई येतील," साहेबांनी मला सांगितलं होतं. "बाद फंक्शनांची यादी कोरी हवी. शिवाय त्या तीन चाचण्या घेतील. कुठल्या, ते आधी सांगत नाहीत. पास झाला तर प्रोग्राम राहील. नाही तर जिन्याखाली विकतच्या प्रणालीचं खोकं येऊन पडलंय."

"मी वेबसाइट सांभाळते, साहेब. सीला कॉलेजनंतर हात लावला नाही."

"घरचंच काम आहे तुझं. पण एक सांगतो, तीन वाजून गेले की मी कुणाचा सासरा बघणार नाही."

आणि मी काय केलं? माझ्या जिभेला हाड नाही. त्याच संध्याकाळी जेवताना सगळ्यांसमोर म्हणाले, "बाबा, तुमची फंक्शनं बाद झाली म्हणे." सासऱ्यांनी ताटावरून मान वर केली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पाटीवर ती ओळ होती. तेव्हापासून माझ्याशी त्यांचं बोलणं दोन शब्दांत आटपत होतं, एक "हं" आणि दुसरा "ठीक". नवरा दातांचा डॉक्टर आहे. दिवसभर लोकांना तोंड उघडायला लावतो आणि घरच्या भांडणात स्वतःचं उघडत नाही.

यादीत त्या दोन फंक्शनांच्या चौदा जागा होत्या. कामाला लागले तर पहिल्याच दिवशी फजिती. जुनं शोध-फंक्शन फसलं की रिकाम्या हातानं परत येतं. नवं फंक्शन, गेट-ॲडर-इन्फो, याच्या उलट आहे. सगळं ठीक असेल तर शून्य देतं, आणि फसलं तर दुसरा कुठला तरी आकडा. मी सवयीनं शून्य म्हणजे रिकामा हात धरून चालले. सोमवारी सकाळी प्रोग्राम सुरू केला. अकरा पंपघरांनी निमूटपणे आपापले पत्ते दिले आणि प्रोग्रामनं अकराही हरवल्याचं जाहीर केलं. घंटा अशी वाजली की ताईंनी कानात बोटं घातली.

"तुमच्या सासऱ्यांच्या वेळी एका दिवसात सगळे नातेवाईक कधी गेले नव्हते हो," ताई म्हणाल्या.

ते दहा मिनिटांत दुरुस्त झालं. पुढच्या आठवड्यातल्या मंगळवारपर्यंत चौदातल्या बारा जागा बदलून झाल्या. दोन मी मुद्दाम शेवटाला ठेवल्या. एक थोरलीची. थोरली म्हणजे सगळ्यात पहिलं पंपघर, सात वर्षांपूर्वी पाडलं. तरी रोज सकाळी सुरू होताना प्रोग्राम एकदा थोरलीला हाक मारतो, आणि उत्तर नाही आलं तरी पुढे जातो. सासऱ्यांनी ती ओळ काढली नव्हती, आणि मलाही तिला हात लावायचा धीर होईना. दुसरी जागा एच-एररची, जिथून त्यांची वाक्यं निघायची. प्रोग्रामचं बाकी सगळं बदलेन, पण ती वाक्यं हलवताना मला पाटीवरची ओळ आठवायची आणि हात मागे यायचा.

बुधवारी मी स्वतःच परीक्षा घेतली. वहीची तार काढली. पडद्यावर "वही उघडत नाही" असं यायला हवं होतं. आलं, "या नावाचं कोणी नाही, माणूस पाठवा." घंटा वाजली आणि जीपवाला टेकडीवर जाऊन आला. तार लावली, पुन्हा काढली, तेच. मधे आणखी काय काय बिघडवून पाहिलं, तरी तेच. काहीही मोडा, प्रोग्रामचं उत्तर एकच. जीपवाला दुसऱ्यांदा वर जाऊन आला आणि दारात उभा राहून म्हणाला, "मॅडम, जावयाला भेटून आलो. मजेत आहे. निरोप काही नाही."

घोडं पेंड कुठे खातंय ते कळेना. सगळ्या ओळी बरोबर दिसत होत्या. मी चिडचिड करत घरी गेले आणि चिडचिड करतच सकाळी उठले.

तर तो गुरुवार. नवरा घराखालच्याच दवाखान्यात उतरला होता, सासरे अंघोळीला गेले होते. सासूबाई टेबलाशी चष्मा लावून पेपर वाचत होत्या. मी चहाचं भांडं जरा जोरातच आपटलं.

"भांड्यानं काय केलंय?" त्यांनी विचारलं.

"आई, आज ते खोकं उघडलं ना, तर बाबा मला जन्मात माफ करणार नाहीत. त्यांचा प्रोग्राम सव्वीस वर्षं चालला आणि तो बुडवला कुणी, तर सुनेनं. दहा दिवस झाले, त्यांचा राग उतरायचं नाव नाही."

"कुणाचा राग?"

"पाटी बघा ना."

सासूबाईंनी चष्म्यावरून पाटीकडे पाहिलं. "अगं, ते होय? ती ओळ दहा दिवसांपूर्वीची आहे. राग त्याच संध्याकाळी उतरला. मला म्हणालेसुद्धा, पोरगी करतेय ते बरोबरच आहे. पुसायचं राहिलं असेल."

"मग रोज तेच कसं लिहिलेलं असतं?"

"रोज कुठे लिहितायत? एकदाच लिहिलंय. राग गेला म्हणून पाटी आपली आपण पुसली जाते का?"

मी गॅस बंद केला. चहा उकळायच्या आतच बंद केला, हे मला नंतर कळलं.

एच-एरर स्वतः काही शोधत नाही. ते फक्त पाटी वाचतं. जुनं शोध-फंक्शन फसलं की जाता जाता एका सामाईक पाटीवर कारणाचा आकडा लिहून ठेवायचं, आणि एच-एरर तो वाचून वाक्य सांगायचं. आमच्या घरात चालतं तसंच. पण नवं फंक्शन त्या पाटीकडे फिरकतच नाही. ते कारण तिथल्या तिथे तोंडावर सांगतं. शून्याऐवजी जो आकडा हातात देतं, तोच कारणाचा आकडा. तो मी "शून्य नाही ना, मग फसलं" एवढं पाहून फेकून देत होते आणि पाटी वाचायला पळत होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

आणि पाटीवर लिहिलं कुणी होतं? थोरलीनं. रोज सकाळी प्रोग्राम जुन्या पद्धतीनं थोरलीला हाक मारायचा, ती सापडायची नाही, आणि पाटीवर "या नावाचं कोणी नाही" असं लिहून राहायचं. ते पुसणारं कोणीच नव्हतं. मग दिवसभर काहीही बिघडलं तरी एच-एरर सकाळचं ते एकच कारण वाचून दाखवायचं. चुकीच्या दोन्ही जागा मी भीड वाटून सोडलेल्याच होत्या.

"आई, तुम्ही कमाल आहात," मी म्हणाले.

"मी काय केलं?"

"संध्याकाळी सांगते." मी पिशवी उचलली आणि दारातून परत आले, कारण नियम म्हणजे नियम. सासऱ्यांच्या ओळीखाली घाईघाईत लिहिलं, "पाटी जुनी आहे. ऑफिसला." आणि पळाले.

साडेआठला मी माझ्या खुर्चीवर होते. बोटं इतकी भरभर चालत होती की एकच शब्द तीनदा खोडावा लागला. आधी थोरली. ओळ काढली नाही, नव्या पद्धतीनं लिहिली. रोज हाक मारायची असेल तर मारू दे, पण पाटीवर खरडून ठेवू नकोस बाई. मग एच-एरर काढलं. त्याच्या जागी असं फंक्शन लिहिलं, ज्याला शोधाचा आकडा थेट हातात द्यायचा. मग आकडा बघायचा, सासऱ्यांचं वाक्य उचलायचं आणि छापायचं. ज्या आकड्याला त्यांचं वाक्य नसेल, तिथे नव्या जमान्याचं कारण-सांग्या फंक्शन आहेच, ते इंग्रजीत काहीतरी सांगेल.

अकरा वाजता तार काढली. दहा सेकंद काहीच नाही. मग पडद्यावर आलं, "वही उघडत नाही, थोड्या वेळानं पुन्हा विचारतो." घंटा गप्प. मी इतक्या जोरात टाळी वाजवली की ताई दचकल्या आणि मग त्याही हसायला लागल्या.

पण माहितीचं पान शेवटपर्यंत वाचायला मी एव्हाना शिकले होते. शेवटाकडे एक आकडा होता. त्याचा अर्थ असा: बिघाड बाहेर नाही, वहीतही नाही, ज्या यंत्रावर तुम्ही बसला आहात त्याच्यातच आहे. नेमकं काय, ते यंत्राच्या स्वतःच्या पाटीवर पाहावं. म्हणजे नव्या फंक्शननंही सगळ्या पाट्या सोडल्या नव्हत्या, या एका प्रसंगासाठी एक ठेवली होती. कारण-सांग्या फंक्शन या आकड्याला फक्त "सिस्टीम एरर" म्हणतं. ताईंनी ते वाचून करायचं काय? आणि सासऱ्यांचं वाक्य याला नव्हतंच, कारण त्यांच्या वेळी असा आकडाच नव्हता.

बाराला पाच कमी होते. मी पाच मिनिटं फोनकडे पाहत बसले. मग घरी लावला.

"आई, बाबांना द्या."

पलीकडे थोडी कुजबुज झाली. मग श्वास ऐकू आला.

"हं," सासरे म्हणाले.

"बाबा, तुमचं एच-एरर काढलं."

"चालतंय?"

"चालतंय. पण एक वाक्य कमी पडतंय." मी त्यांना तो आकडा समजावला. बोलता बोलता माझा आवाज चढला होता, कारण मला घाई होती आणि भीतीही वाटत होती.

"म्हणजे बाहेर काही बिघडलेलं नाही," ते सावकाश म्हणाले. "आपल्याच यंत्राचं काहीतरी अडलंय."

"हो."

"ताई वाचणार आहेत ते. मग त्यांनी काय करायचं नाही, ते आधी सांगायला हवं. जीप पाठवायची नाही. लिही. दोष घरचाच आहे. बाहेर माणूस धाडू नये. आणि त्यापुढे कारण छाप."

"धाडू?"

"धाडूच. दुसऱ्या वाक्यात 'माणूस पाठवा' आहे. घाईत डोळा तेवढंच पकडतो आणि जीप सुटते. दोन्ही वाक्यं लांबून वेगळी दिसली पाहिजेत."

मी लिहून घेतलं. असा विचार माझ्या डोक्यात सात जन्मांत आला नसता.

"आणि एक," ते म्हणाले. आता त्यांचाही आवाज जरा भराभर यायला लागला होता. "तो आकडा मिळाल्याबरोबर यंत्राच्या पाटीवरचं कारण उचलून बाजूला ठेव. पहिलं काम ते. मधे दुसरं काही केलंस, साधं काही छापलंस तरी, पाटीवर दुसरं कुणीतरी लिहून जाईल. मग तू भलतंच कारण वाचशील."

"ते मी गेले दोन दिवस करतेच आहे," मी म्हणाले. फोनमध्ये एक आवाज आला. मला वाटतं ते हसले.

तपासणीच्या बाई तीनला दोन मिनिटं असताना आल्या. कानामागे पेन्सिल, बोलणं कमी. साहेब त्यांच्या मागे, आणि दारात उगाचच काहीतरी काम काढून जीपवाला. बाईंनी आधी बाद फंक्शनांची यादी काढली. ती कोरी आली. त्यांनी पेन्सिलीनं एक खूण केली.

पहिली चाचणी, वहीची तार. त्यांनी ती स्वतः उपटली आणि घड्याळाकडे पाहिलं. पडदा कोरा. चार सेकंद, पाच, सहा. मला माहीत होतं की दहा लागतात, तरी माझ्या तोंडचं पाणी पळालं. ताईंचा हात जीपच्या बटणाकडे निघाला होता. मग वाक्य आलं. "वही उघडत नाही, थोड्या वेळानं पुन्हा विचारतो." ताईंचा हात आपोआप मांडीवर गेला. तार लावली, अकराही दिवे हिरवे.

दुसरी चाचणी. बाईंनी वहीतून एक नाव खोडलं. नेमकं जावयाचं. "जावई: या नावाचं कोणी नाही, माणूस पाठवा." घंटा वाजली आणि जीपवाला सवयीनं किल्ली काढून निघालासुद्धा. साहेबांनी त्याला दंडाला धरून थांबवलं.

तिसऱ्या चाचणीला बाई खुर्ची ओढून बसल्या. तार नाही, वही नाही. आमच्या प्रोग्रामला एका वेळी किती फाइली उघडता येतील, त्याची मर्यादा त्या आवळत चालल्या. थोडी, आणखी थोडी. हे मी करून पाहिलेलं नव्हतं. बुधवारी मी काय काय मोडलं होतं, पण हे सुचलं नव्हतं. माझं सगळं लक्ष पडद्यावर होतं.

प्रोग्राम वहीकडे जायला निघाला, त्याला दार उघडायलाच हात मोकळा राहिला नाही, आणि तो फसला. पडद्यावर एक ओळ आली.

"दोष घरचाच आहे. बाहेर माणूस धाडू नये. कारण: एका वेळी फार फाइली उघड्या."

घंटा वाजली नाही. ताईंनी ओळ मोठ्यानं वाचली आणि खुर्चीत मागे टेकून म्हणाल्या, "मग बसते मी. मॅडम, तुमचं यंत्र तुम्हीच बघा."

बाई पडद्याकडे वाकल्या. "खरं कारणही बरोबर आलंय," त्या म्हणाल्या. "इथे बहुतेकांचं चुकतं. हे वाक्य कुणाचं?"

"माझ्या सासऱ्यांचं."

"म्हणजे जुनंच आहे?"

"नाही. आज दुपारी बाराचं."

"ते तर निवृत्त झालेत ना?"

"कागदावर," साहेब मधेच म्हणाले.

बाईंनी तिसरी खूण केली आणि पेन्सिल कानामागे ठेवली. "जिन्याखालचं खोकं परत पाठवून द्या. ते असल्या वेळी नुसती घंटा वाजवत राहतं."

माझा जीव भांड्यात पडला. ताईंनी मला मिठी मारली, जीपवाल्यानं विचारलं की मग टेकडीवर जायचं का नाही, आणि मी कुणाचंच धड न ऐकता पिशवी घेऊन निघाले. फोन करता आला असता. पण हे फोनवर सांगायचं नव्हतं. घरापर्यंतचा रस्ता मी चालले की पळाले ते मला आठवत नाही.

सासरे स्वयंपाकघरात उभे होते. हातात ओलं फडकं. पाटीवरची त्यांची ओळ गेली होती. माझी तेवढी शिल्लक होती, कारण ज्यानं लिहिलं त्यानंच पुसायचं. टेबलाशी सासूबाई पेपर धरून बसल्या होत्या. पेपर सकाळचाच, पानही तेच.

"राहिला," मी म्हणाले. "तिन्ही चाचण्या पास. तिसरी तुमच्या वाक्यानं."

त्यांनी मान हलवली. पुन्हा हलवली. "थोरली?" त्यांनी विचारलं.

"आहे. रोज सकाळी हाक मारतो अजून. फक्त नव्या पद्धतीनं."

ते खुर्चीवर बसले. फडक्यातलं पाणी फरशीवर टपटपत होतं, तरी सासूबाई काही बोलल्या नाहीत.

"आई तुला म्हणाली, पुसायचं राहिलं," सासरे म्हणाले. "राहिलं नव्हतं. रोज सकाळी तू उठायच्या आधी मी फडकं हातात घ्यायचो. पुसलं तर तू विचारणार, राग गेला का म्हणून. मग सांगावं लागलं असतं की राग एका दिवसाचाच होता."

"मग नंतर काय होतं?"

"भीती वाटत होती. ते खोकं उघडलं असतं तर मी तिथे होतो, असं दाखवायला काही उरलं नसतं. आणि ते तुला सांगायची लाज वाटत होती. तू रोज ती ओळ वाचून ऑफिसला जात होतीस, ते मला दिसत होतं. तरी नाही पुसली. दोष घरचाच होता, पोरी."

"मीही जेवताना तसं बोलायला नको होतं," मी म्हणाले.

"बाद झालीत म्हणे," ते म्हणाले. "म्हणे कशाला? झालीतच."

मी त्यांच्या हातातलं फडकं घेतलं आणि माझी ओळ पुसली. दहा दिवसांत पहिल्यांदा पाटी पूर्ण कोरी झाली.

"काढून ठेवू का आता ही?" सासूबाईंनी विचारलं.

"नको," मी आणि सासरे एकदमच म्हणालो.

"तुझ्या त्या शेवटच्या आकड्यासारखं, एका कामाला पाटी लागतेच," सासरे म्हणाले. मग त्यांनी पायानं दुसरी खुर्ची माझ्याकडे सरकवली. "बस. पहिल्या चाचणीपासून सांग. ते दहा सेकंद पडदा कोरा होता तेव्हा तुला काय वाटलं, तेही सांग."

मी बसले आणि सांगायला लागले.